पाऊस नाही, मग एवढी दरी कोरली कोणी?

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो. तिथे भाड्याची गाडी घेऊन दोघंच फिरलो. लास व्हेगासहून झायन, ब्राइस, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज असं करत ग्रँड कॅन्यनला पोचलो. गाडी हे चालवत होते, नकाशा माझ्या हातात होता. वाटेत मैलोन् मैल रखरखाट, ना झाड ना विहीर. आणि दऱ्या मात्र अशा, की काठावरून खाली पाहिलं तरी पोटात गोळा यावा. तळाशी नदी दोऱ्याएवढी दिसते. हे म्हणतात, एवढीशी नदी एवढं कोरूच शकत नाही, भूकंपानं जमीन फाटली असणार. मी म्हणते, हे पाण्याचंच काम. पण पाऊस नाही तर पाणी आलं कुठून, हे मला सांगता आलं नाही. दुसरी शंका : पेजला अँटिलोप कॅन्यनची आमची फेरी ऐनवेळी रद्द झाली. डोक्यावर आकाश स्वच्छ होतं आणि गाईड म्हणाला, पावसामुळे बंद. असं कसं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. या दऱ्या पाण्यानंच कोरल्या. पण यजमानांची शंकाही रास्त आहे, कारण त्या मुलुखात जमीन फाटल्याच्या आणि खचल्याच्या खुणा खरोखरच आहेत. म्हणून आधी तिचाच विचार करू.

जमीन फाटून दरी झाली असती, तर तळाशी ती भेग आणखी खाली गेलेली सापडली असती. ग्रँड कॅन्यनमध्ये नदीच्या पात्राखाली खडक सलग आहे. शिवाय दोन्ही काठांवर थरांचा क्रम तोच आहे. वर फिकट चुनखडी, खाली वाळूचा खडक, मग तांबड्या मातकट थरांची उतरंड, त्याखाली मोठा लाल कडा. समोरच्या बाजूला पाहिलं की हाच क्रम पुन्हा. उत्तर काठ दक्षिण काठापेक्षा सुमारे 300 मीटर उंच आहे, पण तोही थर सलगपणे दक्षिणेकडे थोडे कललेले असल्यामुळे. म्हणजे हे थर एके काळी एकसंध होते आणि मधला खडक तिथून गेला. तो कुठे गेला, हेही ठाऊक आहे. कोलोरॅडो नदी जिथे कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळायची, तिथे आणि त्याच्या उत्तरेच्या खोलगट प्रदेशात तिनं आणलेला गाळ काही किलोमीटर जाडीचा साठला आहे. दरीतून हरवलेला खडक चूर होऊन तिथे पडला आहे.

भेगांची कामगिरी वेगळी आहे. पाण्यानं कुठून जायचं, हे बरेचदा त्या ठरवतात. दक्षिण काठावरून नदीकडे उतरणारी ब्राइट एंजल पायवाट अशाच एका प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या, रेषेनं जाते. तिथे खडक तुटका असल्यामुळे पाण्याला वाट काढणं सोपं गेलं. मोआबजवळ आर्चेस राष्ट्रीय उद्यानाच्या दारातच मोआब प्रस्तरभंग उघडा दिसतो. तिथे जमिनीचा एक भाग दुसऱ्याच्या तुलनेत सातशे मीटरहून अधिक सरकला आहे. ते पाहून आलेल्या माणसाला ग्रँड कॅन्यनही तसंच झालं असेल असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

आता पाण्याकडे वळू. मोआबला वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम 230 मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. पण कोलोरॅडो नदी या कोरड्या मुलखाच्या पावसावर जगतच नाही. तिचा उगम रॉकी पर्वतात आहे आणि तिचं बहुतेक पाणी तिथल्या उंच शिखरांवर हिवाळाभर साठलेल्या बर्फाचं असतं. हा बर्फ मे-जूनमध्ये वितळतो आणि पुराच्या रूपानं वाळवंटात शिरतो. परप्रांतातलं पाणी घेऊन नाईल जशी इजिप्तच्या वाळवंटातून वाहते, तशीच ही. तिची लांबी सुमारे 2,330 किलोमीटर. काठावरून दोऱ्याएवढी दिसते, कारण आपण दीड किलोमीटर उंचीवरून पाहत असतो. जवळ गेलं तर शंभर मीटर रुंदीचं दांडगं पात्र आहे.

नुसतं पाणी मात्र खडक कापत नाही. कापतात ती पाण्याबरोबर येणारी वाळू, गोटे, धोंडे. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील. भोवऱ्यात अडकलेले दगड गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बेसॉल्टला खोल भोकं पाडली. इथेही तेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. धरणं होण्याआधी ही नदी ग्रँड कॅन्यनमधून दिवसाला काही लाख टन गाळ वाहून नेत असे. पेजजवळचं ग्लेन कॅन्यन धरण 1963 मध्ये पाणी अडवू लागलं, तेव्हापासून तो गाळ पॉवेल जलाशयात खाली बसतो आणि धरणाखाली नदी थंड, हिरवीगार वाहते. धरणाखालच्या हॉर्सशू बेंड या नदीच्या वळणाच्या काठावरून दिसणारा तो हिरवा रंग धरणामुळे आलेला आहे. मूळची नदी लालसर गढूळ होती.

पाणी आलं, हत्यारं आली. तरी दरी खोल व्हायला उतार लागतो. तो जमीन उचलली गेल्यामुळे मिळाला. युटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांत पसरलेलं हे पठार सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी समुद्रसपाटीजवळ होतं. आज ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे 2,100 मीटर उंचीवर आहे, आणि त्या काठावरच्या 27 कोटी वर्षं जुन्या चुनखडीत सागरी जीवांचे अवशेष सापडतात. विळीचं पातं जसं जागचं हलत नाही, भाजीच त्याच्यावर दाबली जाते, तसं इथे झालं. नदी आपल्या जागी वाहत राहिली आणि जमीन तिच्या धारेवर वर येत गेली.

याचा पुरावा तुमच्या वाटेवरच होता. मोआबहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना मेक्सिकन हॅट नावाचं छोटं गाव लागतं. तिथून थोडं बाजूला गेलं की सॅन वान नदीची गूसनेक्स नावाची वळणं दिसतात. सरळ रेषेत अडीच किलोमीटरही नाही एवढं अंतर कापायला नदी तिथे जवळजवळ दहा किलोमीटर वळणं घेते, आणि तीही 300 मीटर खोल खडकात. अशी सैल नागमोडी वळणं नदी घेते ती सपाट मैदानात, जिथे तिला घाई नसते. म्हणजे ही वळणं जमीन सपाट आणि सखल असताना पडली. पुढे जमीन उचलली गेली, नदीला जोर आला, पण वळणं मोडून सरळ व्हायला तिला वाव उरला नाही. त्याच वळणांनी ती खाली कापत गेली. हॉर्सशू बेंडचा नालही तसाच घडला.

सुमारे पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी कोलोरॅडोला कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाणारी वाट मिळाली, तिचा उतार एकदम वाढला आणि कापणीला वेग आला. आजचं ग्रँड कॅन्यन मुख्यतः त्यानंतरचं आहे. त्यातले काही भाग किती जुने, यावर भूशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. दरी 446 किलोमीटर लांब, काही जागी 29 किलोमीटर रुंद आणि सर्वांत खोल ठिकाणी 1,800 मीटरहून अधिक आहे. अगदी तळाशी जो काळपट चकाकता खडक दिसतो तो सुमारे 175 कोटी वर्षांचा, आणि त्याचं नाव ऐकून तुम्हाला आनंद होईल : विष्णू शिस्ट. शेजारीच ब्रह्मा शिस्ट आणि रामा शिस्टही आहेत. 1880 च्या सुमारास क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञानं तिथल्या सुळक्यांना जगभरातल्या दैवतांची नावं दिली. त्याला ते सुळके देवळांसारखे वाटले. विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल ही नावं नकाशावर आजही आहेत, आणि विष्णू सुळक्यावरून पुढे त्या प्राचीन खडकाचं नाव पडलं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पाऊस नसताना दरी झाली कशी, असं तुम्ही विचारता. खरं तर पाऊस कमी आहे म्हणूनच ती अशी उभ्या कड्यांची राहिली. नदी फक्त आपल्या पात्रापुरतं कापते. भरपूर पावसाच्या प्रदेशात त्याच वेळी दोन्ही बाजूंचे उतारही झिजत असतात. पाणी खडकात मुरतं, खडक कुजतो, माती होते, झाडं रुजतात, दरडी कोसळतात, शेकडो ओढे बाजूनं खाली येतात. दरी खोल होता होता रुंदही होत जाते आणि तिचे काठ उतरते होतात. कोरड्या मुलखात नदी खाली कापत राहते, पण काठ झिजवायला पाणीच नाही. म्हणून कडे ताठ उभे राहतात आणि मातीचं पांघरूण नसल्यामुळे थर उघडे दिसतात.

सह्याद्रीतही उभे कडे आहेतच की, असं तुम्ही म्हणाल. आहेत, आणि कारणही सारखंच आहे : कठीण थराचा कडा होतो, मऊ थराचा उतार. ग्रँड कॅन्यनच्या पायऱ्या अशाच पडल्या आहेत. फरक एवढाच, की आपल्याकडे मधल्या उतारांवर रान माजतं आणि तिथे ते उघडे राहतात. मधोमध दिसणारा तो मोठा लाल कडा मुळात करड्या चुनखडीचा आहे. वरच्या तांबड्या थरांमधलं लोह पावसाच्या पाण्याबरोबर ओघळतं आणि कड्याला रंगवतं. जिथे ताजा तुकडा निखळून पडला आहे, तिथे आतला करडा दगड दिसतो. पुढच्या वेळी दुर्बीण लावून जरूर पाहा.

तुमच्या वाटेवरचं ब्राइस मात्र नदीनं दरी कोरण्याच्या नियमाला अपवाद आहे. त्याच्या नावात कॅन्यन असलं तरी ते नदीनं कोरलेलं नाही. ते पठार 2,400 ते 2,700 मीटर उंचीवर आहे. वर्षातल्या दीडशेहून अधिक रात्री तिथे भेगांतलं पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. गोठताना बर्फ फुगतो आणि खडक फोडतो. ते केशरी सुळके या रोजच्या गोठण्या-वितळण्यातून सुटे झाले आहेत.

उरली तुमची रद्द झालेली फेरी. त्या मुलखात पाऊस कमी, पण जुलै ते सप्टेंबर दुपारी वादळी सरी येतात आणि थोड्या जागेवर जोरात कोसळतात. खाली उघडा खडक. माती नाही, गवत नाही, पाणी मुरायला जागाच नाही. सगळं पाणी तसंच्या तसं उतारानं धावतं आणि दूरदूरच्या कातळावरून येऊन एका घळीत शिरतं. ही घळ काही ठिकाणी दोन हात पसरले तर भिंतींना लागावेत एवढी अरुंद. तिथे पाण्याला पसरायला जागा नसते, म्हणून ते वर चढतं, तेही काही मिनिटांत. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक अशाच लोंढ्यात गेले. पाऊस झाला होता काही मैल दूर, वरच्या अंगाला. घळीत उतरणाऱ्यांना तो दिसण्याचं कारणच नव्हतं. अँटिलोपच्या भिंतींवरच्या ज्या मऊ लाटा फोटोत इतक्या सुंदर दिसतात, त्या याच लोंढ्यांनी वाळूसकट घासून केलेल्या आहेत.

ही जमीन नावाहो या मूळनिवासी लोकांच्या राष्ट्राची आहे आणि आज तिथे त्यांच्या गाईडशिवाय उतरता येत नाही. तुमच्या गाईडनं डोक्यावरचं आकाश पाहिलं नाही. वरच्या अंगाला काय चाललंय ते पाहिलं. त्यानं तुमचा जीव जपला. पैसे गेले किंवा दिवस फुकट गेला असं मनात ठेवू नका.

पुन्हा जाल तेव्हा अरुंद घळींसाठी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा. कुठल्याही घळीत शिरण्यापूर्वी रेंजरच्या कचेरीत त्या दिवसाचा पुराचा अंदाज विचारा आणि इथे पाऊस आहे का, एवढंच न विचारता वरच्या अंगाला काय आहे तेही विचारा. कोरड्या ओढ्याच्या वाळूत गाडी लावू नका. रस्त्यावर पाणी आडवं वाहत असेल तर गाडी थांबवा आणि ते ओसरू द्या. उघड्या खडकावरून आलेला लोंढा बहुधा तितक्याच लवकर उतरतो. इंटरस्टेट 70 या महामार्गावर ग्रीन रिव्हर आणि सलायना या गावांमध्ये सुमारे 175 किलोमीटर पेट्रोलपंपही नाही, तेव्हा टाकी आणि पाण्याचे कॅन भरूनच निघा.