नौकेच्या डिझेलवरचा कर परत मिळतो का?

प्रश्न : आम्ही भाज्याला राहतो. अलिबागजवळ आमची वडिलोपार्जित यांत्रिक मासेमारी नौका आहे, ती भाऊ चालवतो. डिझेलवरचा कर सरकार परत देतं म्हणतात. इकडच्या मळवलीच्या पंपावरून कॅन भरून नेलं तर चालेल का?

उत्तर : नाही, तसं करू नका. डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो. मच्छीमारांना परतावा मिळतो तो याच कराचा. त्यासाठी नौका नोंदणीकृत हवी, मासेमारीचा परवाना चालू हवा आणि मालक मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद हवा. डिझेल मंजूर कोट्यातूनच, संस्थेमार्फत घ्यायचं.

आधी पूर्ण पैसे भरावे लागतात. संस्था प्रस्ताव मत्स्यव्यवसाय विभागाच्या अलिबाग कार्यालयाला पाठवते. निधी आला की रक्कम मिळते. याला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक पावतीवर नौकेचा क्रमांक, तारीख आणि लिटर नीट वाचता येतात का, हे भावाने तिथेच पाहावं. पावतीची शाई उडते, झेरॉक्स काढून ठेवा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सगळी कागदपत्रं तपासून घ्या. हा तुमच्या घामाचा पैसा आहे. पाठपुरावा सोडू नका.