'बेताने' : अर्थ आणि उपयोग

पुढील वाक्ये लक्षपूर्वक वाचा.

१. आमटीत मीठ बेताने घाला.
२. उन्हाळा आहे, पाणी बेताने वापरा.
३. मिळकत बेताची असल्यामुळे तो खर्च बेताने करतो.

या वाक्यांतील 'बेताने' हा शब्द क्रिया कशा रीतीने करावी हे सांगतो. म्हणून तो रीतिवाचक क्रियाविशेषण होय. 'बेत' या नामाला 'ने' हा तृतीयेचा प्रत्यय लागून तो तयार झाला आहे. बेत म्हणजे योजना, तसेच अंदाज किंवा प्रमाण. शिंपी कापड 'बेततो', म्हणजे माप पाहून कापतो. 'बेताने' या शब्दातही आधी माप पाहावे व मग कृती करावी, हाच भाव आहे.

तिसरे वाक्य पुन्हा पाहा. 'बेताची' हे विशेषण मिळकत तुटपुंजी असल्याचे सांगते. ती परिस्थिती आहे. 'बेताने' मात्र माणसाने स्वतः पाळलेला संयम दाखवतो.

'बेताने' हा शब्द मनाई करत नाही. 'मीठ खाऊ नका' हा निषेध झाला. 'मीठ बेताने खा' ही मर्यादा झाली. परंतु ती मर्यादा नेमकी किती, हे या शब्दातून कळत नाही. रोजच्या स्वयंपाकात त्याने अडत नाही, कारण हाताला माप ठाऊक असते. आरोग्याच्या बाबतीत मात्र तेवढे पुरेसे नाही. डॉक्टरांनी 'मीठ बेताने घ्या' असे सांगितल्यास 'दिवसाला किती?' असे अवश्य विचारावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ असावे.

बोलण्याच्या संदर्भात हा शब्द ताकीद देतो. 'बेताने बोल' म्हणजे मर्यादा सोडू नकोस. वडीलधाऱ्यांना असे म्हणणे उद्धटपणाचे ठरते.

लक्षात ठेवा : 'बेताल' हा शब्द 'बेत'पासून झालेला नाही. 'बे' म्हणजे विना. ताल सुटलेला तो बेताल.

स्वाध्याय

१. कंसातील योग्य शब्द निवडा : ओल्या फरशीवरून ____ चाला. तेल महाग झाले आहे, ____ वापरा. (बेताने, जपून)
२. 'बेताचा' व 'बेताने' यांतील फरक स्वतःच्या वाक्यांतून स्पष्ट करा.
३. तुमच्या घरी कोणती वस्तू बेताने वापरली जाते? तिचे नेमके माप लिहा.