गरम झाली की बंद पडते

प्रश्न : माझी १९६५ची उघडी एमजीबी उन्हात बंद पडते, गार झाल्यावर चालते. मिस्त्री कार्ब्युरेटर बदला म्हणतात.
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : नागपूरच्या उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते, त्यामुळे मिस्त्रींचा संशय निराधार नाही. पण पेट्रोल तुटले तर गाडी आचके देत मरते. करंट गेला तर एका क्षणात, आणि चाके फिरत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर येतो. म्हणून बंद पडताच प्लग काढून ठिणगी पाहा. निळी, कडक असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळी किंवा नाहीशी असेल तर आधी स्वस्तातला कंडेन्सर, मग कॉइल बदला. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच ठेवा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावण्याची घाई नको: या मॉडेलचे अर्थिंग पॉझिटिव्ह, उलटे किट क्षणात जळेल.