तात्यांचा कागद तात्यांच्या हाती

वडिलांना कर्करोग झाल्याचे निदान हाती आले म्हणजे आपल्याकडील बहुतेक कुटुंबांत पहिला विचार होतो तो हा, की ही वार्ता त्यांच्यापासून लपवावी कशी. आणि त्या लपवालपवीत जी शक्ती खर्ची पडते, ती निदानाचा अर्थ समजून घेण्यास उरत नाही. आमच्या घरीही काकांचा आग्रह होता की, तात्यांना 'लघवीचा जुना विकार' एवढेच सांगावे. परंतु ज्या गृहस्थांनी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात लोकांचे फेरफार, दाखले आणि दस्तऐवज तपासण्यात घालविली, त्यांना स्वतःच्या देहाचा कागद वाचू द्यायचा नाही, हा मला घोर अन्याय वाटला. मी अहवाल त्यांच्या पुढ्यात ठेवला. तात्यांनी चष्मा पुसला, एकेका ओळीखाली बोट धरून कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हा सातचा आकडा कसला, ते डॉक्टरांना विचारायला मला घेऊन चल."

तो आकडा ग्लीसन गुणांकाचा. प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने काढलेल्या तुकड्यांत सर्वाधिक आढळणाऱ्या पेशीरचनेला एक अंक, त्याखालोखालच्या रचनेला दुसरा, आणि दोहोंची बेरीज ही डोनाल्ड ग्लीसन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ साली मांडलेली पद्धत. हल्ली बहुधा सहा ते दहा असे गुण देतात. सहा असल्यास कित्येक रुग्णांना उपचार न करता केवळ नियमित देखरेखीखाली ठेवणे योग्य ठरते. पण तीन अधिक चार म्हणजेही सात आणि चार अधिक तीन म्हणजेही सातच, ह्यांत दुसरा सात अधिक आक्रमक. म्हणून नुसती बेरीज ऐकून परतू नये, फोड विचारावी. तात्यांची फोड चार अधिक तीन होती.

खरी ठेच लागली ती पीएसए ह्या रक्ततपासणीच्या बाबतीत. ग्रंथी वाढली म्हणून तात्या कित्येक वर्षे ड्युटास्टेराइडची गोळी घेत होते आणि पीएसए चारच्या आत, म्हणजे यथास्थित, असा निर्वाळा त्यांना दरसाल मिळत होता. ही गोळी, तशीच फिनास्टेराइडही, काही महिन्यांत पीएसए सुमारे निम्म्यावर आणते, आणि म्हणून आलेला आकडा दुप्पट धरून वाचावयाचा असतो, हे तो निर्वाळा देणाऱ्यांनी ध्यानात घेतलेच नाही. उलटपक्षी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने किंवा लघवीची नळी घातल्यानेही हा आकडा चढतो. तेव्हा चालू गोळ्यांची सारी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत आणि डॉक्टरांच्या टेबलावर मांडावीत.

पुढचा प्रश्न रोग पसरला आहे काय, हा. तो लसिकाग्रंथींकडे, तसाच कण्याच्या व कमरेच्या हाडांकडे धाव घेतो. त्यासाठी एमआरआय, हाडांचे स्कॅन वा पेट स्कॅन. ग्रंथीपुरता असेल तर तो समूळ घालविण्याच्या हेतूने उपचार होतात. हाडांत गेला असला तरी, चार्ल्स हगिन्स ह्यांनी १९४१ साली दाखवून दिल्याप्रमाणे, पुरुषी संप्रेरक रोखल्याने तो आटोक्यात येतो आणि नव्या औषधांच्या साहाय्याने पुष्कळांना आयुष्याची कित्येक वर्षे लाभतात.

तात्यांचा रोग ग्रंथीतच होता. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा जाण्याचा संभव, किरणोपचारांनी शौचास होणारा उपद्रव, आणि दोहोंमुळे दांपत्यजीवनावर होणारा परिणाम, हे सारे डॉक्टरांनी त्यांना एकांतात सांगितले. मुलाने त्या वेळी बाहेर बसावे, असे मी निक्षून सांगेन. मुलादेखत वडील ते प्रश्न विचारत नाहीत. तात्यांनी किरणोपचार आणि संप्रेरक रोखणारी इंजेक्शने पत्करली. ऐन थंडीत रात्री अंगातून वाफा निघून ते पांघरूण भिरकावीत, आणि आई तापाच्या शंकेने कपाळाला हात लावून पाही. हा इंजेक्शनांचाच परिणाम, हे तिला आधी सांगावयास हवे होते. हाडे ठिसूळ होतात, म्हणून त्यांची घनता तपासून घ्यावी व रोज चालावे.

हाडांत रोग असलेल्या रुग्णाचे पाय एकाएकी लुळे पडू लागले, किंवा पाठदुखीसह लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. आणि वडिलांना हा रोग झाला असता मुलांना त्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, म्हणून आम्ही भावांनी पंचेचाळिशीपासूनच पीएसएबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावयाचे ठरविले आहे. धाकट्याची तारीख तात्यांनीच आपल्या वहीत नोंदवून ठेवली आहे.