शास्त्रीच्या खाडीत तीन दिवस: काय करावं, काय टाळावं

संगमेश्वराहून निघालेली शास्त्री नदी फुणगूसपर्यंत येईतो पुरती खाडी झालेली असते. पाणी मचूळ, काठाला कांदळवन आणि प्रवाह दिवसातून दोनदा उलटा. फुणगूस ते जयगड हा टप्पा कयाकने, वाटेत गळ टाकत आणि दोन रात्री काठावर काढत, तीन दिवसांत आरामात होतो. डोंगरातल्या नद्या उतरून आलेली तयार माणसंही इथे फसतात, ती एकाच कारणाने. खाडीत वेळापत्रक पाण्याचं असतं आणि ती आपलं घेऊन येतात.

निघण्यापूर्वी

तारीख तिथीवर ठरवावी. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. हा अंदाज आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. शिवाय जयगडला तोंडाशी भरती लागल्यावर ती आत फुणगूसला पोचायला वेळ घेते. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं सोबत ठेवावीत, आणि तरीही धक्क्यावरच्या माणसाला “मामा, आज पाणी कधी फिरणार?” हे विचारावंच.

नवख्यांनी मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांतले सप्तमी ते दशमी हे दिवस धरावेत, असं माझं ठाम मत आहे. या दिवसांत भांग असते, म्हणजे पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि त्याची ओढ बेताची राहते. भरती पहाटे ते सकाळी पुरी होते, त्यामुळे सकाळीच सुकती, म्हणजे ओहोटी, लागते आणि ती दुपारपर्यंत तुम्हाला जयगडच्या दिशेला नेत राहते. थंडीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे तोही पाठीशी. दुपारी समोरून खारा वारा सुटतो तोवर मुक्कामाला लागायचं. संध्याकाळच्या भरतीबरोबर मासा कांदळवनाच्या मुळांत शिरतो, तेव्हा गळाला बसायला वेळ मोकळा. मुरलेले गळकरी सांगतील की भांगेला मासा मंद असतो, तो खरा खातो उधाणाला. बरोबर आहे. पण पहिल्या खेपेला चार मासे कमी मिळाले तरी चालतील.

उधाणाचे दिवस टाळावेत. अमावास्या-पौर्णिमेला या किनाऱ्यावर पाणी दोन-अडीच मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. तेवढं सगळं पाणी सहा तासांत खाडीच्या अरुंद वळणांतून बाहेर पडतं, तेव्हा त्याच्याविरुद्ध वल्हं मारण्यात अर्थ नसतो.

पावसाळा पूर्ण टाळावा. सह्याद्रीवर जोराचा पाऊस झाला की संगमेश्वरच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. तेच पाणी पुढे याच वाटेने जातं.

कोणाला तरी लेखी सांगून जावं. कुठून निघणार, कुठे थांबणार, कधी बाहेर पडणार. घरी एक प्रत, आणि मुक्कामाच्या गावच्या पोलीस पाटलांना एक. नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी लोक बारकाईने बघतात, आणि त्यांनी तसं बघणंच योग्य आहे. आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत अंगावर ठेवावं. फोनमध्ये 112 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे दोन नंबर असावेत.

कयाक आणि सामान

वर बसायचा रुंद कयाक घ्यावा, ज्यात पाणी साठत नाही आणि उलटला तरी पाण्यातून परत चढता येतं. ही चढाई घराजवळच्या शांत पाण्यात, मदतीशिवाय जमेपर्यंत करून बघितलेली असावी. जमत नसेल तर ही सफर पुढच्या वर्षी करावी.

लाइफ जॅकेट अंगात, बक्कल लावलेलं. “उकडतं” म्हणून ते पाठीमागे बांधून ठेवणं टाळावं.

जड सामान मधोमध आणि तळाशी. माणशी रोजचं चार लिटर पिण्याचं पाणी. भोवती एवढं पाणी असून त्यातला थेंब प्यायच्या कामाचा नसतो. वाडीतल्या विहिरीवर पाणी मिळतं, विचारून घ्यावं. गळाच्या दांड्या दोनच. तिसरी दांडी फांदीत अडकण्यासाठीच असते.

नांगर कयाकच्या कुशीतून टाकणं टाळावं. ही चूक सगळ्यात महाग पडते. प्रवाहात नांगर धरला की दोरी ताणते, कयाक आडवा होतो, पाणी एका कडेवर चढतं आणि काही क्षणांत माणूस खाली जातो. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकालाच असावी, आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधलेली. जवळ एक छोटी सुरी हाताला लागेल अशी.

पाण्यावर

जाळ्याला वळसा घालावा. या खाडीवर खारवी, भोई, दालदी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आले आहेत. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या बोया किंवा चिखलात रोवलेले खुंटे दिसले की तिथे जाळं आहे. शेवटची बोय कुठे आहे ते बघून तिच्याही पलीकडून जावं. दिसत नसेल तर थांबून विचारावं, “दादा, जाळं कुठवर आहे?” ते हाताने दाखवतात. वल्ह्याने जाळं उचलून खालून जाणं, जाळ्यातला मासा बघायला हात घालणं, त्याच्या शेजारीच गळ टाकणं, हे तिन्ही टाळावं. ओहोटीला बायका तिसऱ्या नि मुळे काढत असतात, त्यांच्या जागेवर कयाक नेऊन लावू नये. ती त्यांची त्या दिवसाची मजुरी असते.

दुपारनंतर मोठ्या पात्रात राहणं टाळावं. भाटगावच्या पुलाखाली खाडी रुंदावत जाते. सुकतीचं पाणी बाहेर निघालेलं आणि खारा वारा आत येणारा, अशी गाठ पडली की उभ्या, आखूड लाटा उठतात. किनाऱ्यावरून त्या किरकोळ वाटतात, पण भरलेल्या कयाकला त्या पुरून उरतात.

मगर आहे असं धरूनच वागावं. वाशिष्ठी आणि सावित्रीतल्या मगरी प्रसिद्ध आहेत, पण कोकणातल्या कुठल्याही खाडीत “इथे नाहीत” असं गृहीत धरू नये. थंडीत सकाळी त्या चिखलाच्या उतारावर ऊन खात पडलेल्या असतात. दिसली तर पलीकडच्या काठाने, न थांबता जावं. फोटोसाठी जवळ जाणं टाळावं. पकडलेले मासे दोरीत ओवून कयाकच्या बाजूला पाण्यात सोडणं टाळावं. संध्याकाळी पोहणं टाळावं. मासा साफ करायचा तो तंबूपासून दूर, आणि पाण्याच्या कडेला उकिडवं बसून तर नाहीच.

गळ

जिताडा, तांबोशी, पालू, शेंगटी ही इथली गळाला लागणारी मंडळी. जिवंत कोळंबी हे सगळ्यांना चालणारं आमिष. गावच्या मच्छीमार सोसायटीत आधी जाऊन बोलावं. कुठे टाकलेला चालेल आणि कुठे नाही ते कळतं, वर चार गोष्टी फुकट शिकायला मिळतात.

मोठा जिताडा सोडावा. याबद्दल मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे वाढून मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दोन हात लांबीचा जो मासा लागला की फोटो काढावासा वाटतो, ती बहुधा अंडी घालणारी मादी असते. ती पावसाळ्याच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालते आणि पिल्लं पुढे कांदळवनात वाढतात. अशी एक मादी काढली की खाडीतली पुढची कित्येक पिल्लं आपण काढलेली असतात. खायला मधल्या मापाचा एखादा मासा ठेवावा, आणि तोही त्याच रात्री संपेल एवढाच.

सोडायचा तर नीट सोडावा. आत वळलेल्या टोकाचा गळ वापरला तर तो जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करावा. हात ओले करून मासा धरावा, शक्यतो पाण्यातच. त्याला प्रवाहाकडे तोंड करून सैल हातात ठेवावं. कल्ले उघडमीट करायला लागतात, शेपटीत जोर येतो आणि मग तो स्वतःच हात सोडवून घेतो. तोवर ढकलू नये.

शेंगटी उघड्या हाताने धरणं टाळावं. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे ताठ उभे असतात आणि ते विषारी असतात. काटा बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना उतरते. मोडलेला काटा आत राहिला असेल तर डॉक्टरच गाठावा. उथळ वाळूत उतरताना पाय उचलून टाकण्याऐवजी घसटत न्यावेत, म्हणजे तळाला बसलेलं पाकट आधीच सरकतं.

तुटलेली तंगूस पाण्यात टाकणं टाळावं. ती कुजत नाही. बगळ्याच्या पायाला गुंडाळते. खिशात घालून घरी आणावी.

मुक्काम

उतरायची जागा आधीच हेरून ठेवावी. भांगेच्या दिवसांत सकाळी निघालात तर मुक्कामाला पोचता ते दुपारच्या पूर्ण ओहोटीला, आणि या सोयीच्या वेळापत्रकाची ती एक खोट आहे. भरतीला जिथे हिरवा काठ पाण्याला टेकलेला होता, तिथे आता वीस-तीस पावलं काळा चिखल असतो. वरून तो गुळगुळीत चमकतो. पाय ठेवला की पोटरी जाते, दुसरा ठेवला की गुडघा, आणि पहिला पाय उपसताना चप्पल आतच राहते. अशा जागी उतरणं टाळावं. जेटी, तरीचा जुना धक्का, पाण्यात उतरणारी जांभ्याची पाखाडी किंवा वाळूचा पट्टा, एवढ्याच जागा कामाच्या. खडकावर कालवं असतात, ती कयाकचा तळ आणि तळपाय सारख्याच सफाईने कापतात, म्हणून टाचेला पट्टा असलेले, जाड तळव्याचे सँडल पायात हवेत. आणि जिथे वाळूचा उपसा झालेला आहे तिथे काठाजवळच तळ अचानक खोल जातो. वल्ह्याने चाचपल्याशिवाय पाय टाकू नये.

तंबू रेषेच्या वर लावावा. वाळलेली पानं, कांदळवनाच्या शेंगा, थर्माकोलचे तुकडे यांची एक वेडीवाकडी ओळ काठावर दिसते. पाणी तिथपर्यंत येऊन गेलेलं असतं. काही वेळा दोन ओळी असतात. खालची कालची, वरची गेल्या उधाणाची. वरची धरावी आणि तिच्याही वर पुरुषभर जागा सोडावी. एकादशीनंतर पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त चढतं, म्हणून पहिल्या रात्रीची अटकळ दुसऱ्या रात्रीला चालत नाही. कयाक नुसता बांधून पाण्यात ठेवणं टाळावं. ओहोटीला तो लटकतो, भरतीला दोरीखाली अडकून भरतो. ओढून वर घ्यावा, उलटा करावा आणि मग झाडाला बांधावा.

कांदळवनात मुक्काम टाळावा, फांदी तोडणंही. हे वन कायद्याने संरक्षित आहे. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला. आंब्या-काजूच्या बागेत तंबू ठोकणंही टाळावं, विशेषतः मोहोराच्या दिवसांत. बागायतदाराचं वर्ष त्या काही आठवड्यांवर अवलंबून असतं. देवळासमोरचं पटांगण, शाळेचं मैदान, जेटीवरची शेड यांसाठी वाडीतल्या जाणत्या माणसाला किंवा सरपंचांना विचारलं तर सहसा नकार मिळत नाही.

शेकोटी नको, स्टोव्ह पुरतो. पौष-माघात सड्यावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि खाऱ्या वाऱ्यात वणवा कोणाच्या हाती राहत नाही. कचरा सगळा परत न्यावा. शौचाला भरतीच्या रेषेच्या बरंच वर, विहिरीपासून लांब, खड्डा करून.

वाडीतून भाकऱ्या करून मिळाल्या तर पैसे देऊनच घ्याव्यात. मासा दिला म्हणून हिशेब फिटला असं धरणं टाळावं.

शेवटचा दिवस

जयगडचं तोंड ओलांडणं टाळावं. खाडी सरळ समुद्राला मिळते, डाव्या हाताला किल्ला आणि पलीकडे दीपगृह दिसायला लागतं, आणि “जरा बाहेर जाऊन येऊ” असं हमखास वाटतं. सुकती बाहेर ओढत असते. बंदरात मोठी जहाजं येतात, त्यांना कयाक दिसत नाही आणि दिसला तरी ती थांबू शकत नाहीत. जयगड आणि तवसाळ यांच्यामध्ये गाड्या नेणारी फेरीबोट चालते. ती निघालेली दिसली तर तिला आधी जाऊ द्यावं आणि मग तिच्या मागून, काटकोनात ओलांडावं.

कोळ्यांच्या धक्क्याला लागायचं तर सकाळी होड्या मासळी उतरवत असताना जाऊ नये. बाजूला थांबावं, गर्दी ओसरली की लागावं. रिळं आणि बक्कलं त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावीत, नाहीतर खारानं आठवड्यात जाम होतात.

आणि कयाक गाडीवर चढवायच्या आधी, ज्यांना ज्यांना निघताना सांगितलं होतं त्या सगळ्यांना “बाहेर पडलो” असा फोन करावा. घरी, आणि मुक्कामाच्या दोन्ही गावच्या पोलीस पाटलांना. तो फोन राहिला, तर रात्री कंदील घेऊन होडी काढणारी माणसं तिथलीच असतात.