मीठ खाल्लं तर पोटात सोडियम पेटत का नाही?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. सगळ्या वस्तू अणूंच्या बनलेल्या असतात हे समजावताना मी तिला विटांचं उदाहरण दिलं. विटा त्याच, पण त्यांच्यापासून घर बांधता येतं, विहीर बांधता येते, देऊळही बांधता येतं. तशी थोड्याशा मूलद्रव्यांच्या अणूंपासून असंख्य संयुगं बनतात. तिला ते लगेच पटलं. पुढे तिनं मोबाइलवर सोडियमचा तुकडा पाण्यात टाकल्याचा व्हिडिओ पाहिला आणि मला विचारलं, "मिठात हाच सोडियम असतो ना? आणि सोबत तो विषारी क्लोरीन. मग आपण मीठ खातो, वर पाणी पितो, तरी काही होत कसं नाही?" तिला काय सांगू?

उत्तर : सगळ्यात आधी तिला सांगा की तिचा तर्क बिनचूक आहे. लाल वीट भिंतीत बसवली तरी लालच राहते, कच्ची वीट भिंतीतही कच्चीच राहते. अणू खरोखर विटांसारखे असते, तर पेटणाऱ्या आणि विषारी विटांची भिंतही पेटणारी आणि विषारी असायला हवी होती. तुमचं उदाहरण जिथे अपुरं पडतं, नेमकं तिथे मुलीनं बोट ठेवलं आहे. ते अपुरं आहे हे मुलांना मोकळेपणानं सांगावं, कारण रसायनशास्त्रातली खरी गंमत तिथूनच सुरू होते.

मिठाच्या या दोन्ही घटकांची ओळख पटवणारा माणूस एकच होता. १८०७ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही यानं वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली आणि सोडियम धातू पहिल्यांदा सुटा करून दाखवला. हा धातू सुरीनं कापता येईल इतका मऊ असतो. कापल्यावर चांदीसारखा चमकतो आणि बघता बघता काळवंडतो, म्हणून तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन वायू त्याआधीच, १७७४ साली, स्वीडनमधल्या कार्ल शेल या औषधविक्रेत्यानं तयार केला होता. पण ते संयुग असावं आणि त्यात ऑक्सिजन दडलेला असावा, अशी समजूत होती. तापलेल्या कोळशाच्या सान्निध्यातही त्यातून ऑक्सिजन निघत नाही हे डेव्हीनं पाहिलं आणि १८१० साली क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचं जाहीर केलं. हाच हिरवट-पिवळा वायू जर्मन सैन्यानं एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ समोरच्या खंदकांवर सोडला होता. तेव्हा मुलीची भीती अनाठायी नाही.

आता मुख्य मुद्दा. सोडियमच्या अणूच्या केंद्रात ११ प्रोटॉन असतात आणि बाहेर ११ इलेक्ट्रॉन : आतल्या कक्षेत २, मधल्या कक्षेत ८ आणि सगळ्यात बाहेर एकटा १. हा एकटा इलेक्ट्रॉन अगदी सैल धरलेला असतो. पाणी भेटलं की सोडियम तो देऊन टाकतो. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, भरपूर उष्णता निघते आणि हायड्रोजन पेट घेतो. व्हिडिओत दिसला तो हा प्रकार. क्लोरीनचं उलट आहे. त्याच्याकडे १७ इलेक्ट्रॉन असतात आणि बाहेरच्या कक्षेत ७. आणखी एक मिळाला की ८ पूर्ण होतात. तो एक मिळवण्यासाठी क्लोरीन समोर येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग ती फुप्फुसातली नाजूक त्वचा का असेना. एकाचा धोका देण्याच्या घाईत आहे, दुसऱ्याचा घेण्याच्या घाईत.

मिठात ही देवाणघेवाण आधीच झालेली असते. सोडियमनं इलेक्ट्रॉन दिलेला असतो, क्लोरीननं घेतलेला असतो. अशा अणूंना आयन म्हणतात. मिठातल्या सोडियमकडे आता देण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून त्याला पाण्यात टाकलं तरी तो शांतपणे विरघळतो. क्लोरीनची भूकही भागलेली असते. तुमच्या नळाच्या पाण्याला कधी कधी वास येतो तो निर्जंतुक करायला वापरलेल्या क्लोरीनचा. आमटीतल्या मिठात वजनानं अर्ध्याहून जास्त क्लोरीन असूनही तिला तो वास येत नाही, कारण तिथे क्लोरीन आयनाच्या रूपात असतो.

मग सगळा पेटण्याचा जोर गेला कुठे? तो उष्णता होऊन बाहेर पडतो. प्रयोगशाळेत सोडियम क्लोरीनमध्ये जाळला तर पिवळाजर्द उजेड पडतो आणि पांढरा धूर निघतो. तो धूर म्हणजेच मीठ. असं ५८.५ ग्रॅम मीठ तयार होताना ४११ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तेवढ्यात सव्वा लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत येईल. मूठभर मीठ बनताना एवढी आग होऊन गेलेली असते हे ऐकलं की मुलं मिठाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. मात्र निसर्गात मीठ असं जळून तयार होत नाही, हेही सांगायला हवं. सोडियम धातू निसर्गात सुटा कधी सापडतच नाही. समुद्रातला सोडियम खडकांची झीज होऊन, आयनाच्या रूपातच, नद्यांबरोबर तिथे पोचला. क्लोराइड मुख्यतः ज्वालामुखींच्या वायूंमधून आलं.

चौकस मूल यावर लगेच विचारेल : इतकं बदललं, तर तो सोडियम आहे हे कशावरून? याचा पुरावा तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मीठ घातलेलं वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा पिवळा रंग सोडियमचा. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांमध्येही सोडियमचीच वाफ असते. स्टीलचा ओला चमचा सांडशीत धरून त्याच्या टोकाला कणभर मीठ लावा आणि ज्योतीच्या कडेला न्या. मग चमचा धुऊन तेच खाण्याच्या सोड्यानं करा. हे काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी बघायचं. मीठ आणि खाण्याचा सोडा ही चव, उपयोग, सगळ्या बाबतींत निराळी संयुगं, पण ज्योत दोन्हींची पिवळी. केंद्रातले ११ प्रोटॉन जागचे हललेले नाहीत, म्हणून सोडियम सोडियमच आहे. बदल फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनमध्ये झाला. वस्तूचा स्वभाव बाहेरचे इलेक्ट्रॉन ठरवतात आणि मूलद्रव्याची ओळख केंद्रातले प्रोटॉन. माझ्या मते सहावीच्या मुलीला एवढं एक वाक्य नीट कळलं तर बाकीचं ती स्वतः जुळवत जाईल.

साखरेचंही करून बघा. चमचाभर साखर तापवत राहिलं की आधी तांबूस, मग काळी होते. तो काळा भाग म्हणजे साखरेतला कार्बन. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन निघून जातात. पांढऱ्याशुभ्र गोड दाण्यात कोळसा होता, पण तसा दिसत नव्हता आणि तशी चवही नव्हती. मीठ असं कितीही तापवलं तरी काळं पडणार नाही. ते ८०१ अंशांना वितळतं, तरी वेगळं होत नाही. त्यातून सोडियम काढायचा तर आजही डेव्हीसारखीच वीज लागते.

इथेच मिश्रण आणि संयुग यांतला फरक समजावून द्यावा. वसई, उरण, पेण भागातल्या मिठागरांत समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात आणि ऊन आपलं काम करतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. मीठ आणि पाणी नुसती मिसळलेली होती, म्हणून त्यांना वेगळं करायला ऊन पुरतं. पूर्ण पाणी आटण्याआधी मीठ ओढून घेतात, कारण शेवटच्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरतात. त्यातलं थोडं मॅग्नेशियम क्लोराइड खडेमिठाला चिकटून येतं आणि हवेतला ओलावा खेचतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते मुख्यतः त्यामुळे.

संयुगात प्रमाण ठरलेलं असतं, मिश्रणात नसतं. पाण्यात मीठ कमी घाला, जास्त घाला, दोन्ही खारट पाणीच. पण शुद्ध मीठ समुद्राचं असो की खाणीतलं, १०० ग्रॅममध्ये सोडियम साधारण ३९ ग्रॅम. प्रौढ माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजेच २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामागचं गणित हेच. ठरलेल्या प्रमाणाचा हा नियम अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ प्रूस्त यानं मांडला. पदार्थ अणूंचे बनलेले असले तरच प्रमाण असं ठाम राहील, हे सांगणारा जॉन डाल्टनचा ग्रंथ १८०८ साली आला.

एक दुरुस्ती मात्र शिकवतानाच करावी. 'मिठाचा रेणू' असं आपण सहज म्हणतो, पण एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी वेगळी जोडी मिठात नसते. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यानं क्ष-किरणांच्या साहाय्यानं मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम अशी अखंड मांडणी दिसली. दोनच वर्षांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याला वडिलांबरोबर नोबेल मिळालं. तरीही हेन्री आर्मस्ट्राँग या बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञानं १९२७ साली 'नेचर'मध्ये पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीवर कडाडून टीका केली. मिठात रेणूच नाही हे त्याला मानवेना. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही जुनं चित्र सोडणं जड जातं हे त्यांना कळू द्या. आणि एक भिंग आणून बारीक मीठ काळ्या कागदावर पसरायला सांगा. दाणे चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतात. आतल्या मांडणीचा आकार बाहेर असा उमटतो.

त्यातल्या ०.३ मिलिमीटर बाजूच्या एका दाण्यात साधारण सहा हजार कोटी कोटी सोडियम असतात आणि तेवढेच क्लोरीन. सेकंदाला एक याप्रमाणे नुसते सोडियम मोजायला बसलं तर सुमारे १,९०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

विटांचं उदाहरण टाकून द्यायची गरज नाही. आज ज्ञात असलेल्या ११८ मूलद्रव्यांपासून कोट्यवधी संयुगं कशी होतात आणि संयुग मोडलं तरी अणू कसे शिल्लक राहतात, हे त्यातून छान कळतं. गुणांचा प्रश्न आला की ते बाजूला ठेवा.

प्रश्न : अणूंचा सिद्धान्त कणादांनी फार पूर्वीच मांडला होता, असं आजोबा नातवाला सांगतात. मुलांना हे सांगणं योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे, पण पूर्ण सांगावं. कणादांच्या वैशेषिक दर्शनात पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे परमाणू मानले आहेत. दोन परमाणूंचं द्व्यणुक होतं आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. हा तर्कानं उभारलेला विचार आहे; त्यामागे वजनं-मापं किंवा प्रयोग नाहीत. त्यामुळे कणाद आणि डाल्टन एकच गोष्ट सांगत होते असं म्हटलं तर दोघांवरही अन्याय होतो.

मला त्यातला एक वाद फार मोलाचा वाटतो आणि तो वरच्या मुलीच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. कारणाचे गुण कार्यात उतरतात, असं वैशेषिक मानत : पांढऱ्या धाग्यांचं कापड पांढरंच होणार. पण मग कुंभाराच्या आव्यात घातलेलं काळपट कच्चं मडकं लाल होऊन बाहेर कसं येतं? वैशेषिकांचं म्हणणं असं की उष्णतेनं मडकं पार परमाणूंपर्यंत सुटतं, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. याला पीलुपाक म्हणतात. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, ते पटलं नाही. मडकं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अखंडच असतं, तेव्हा बदल अख्ख्या मडक्यातच होतो, हा त्यांचा पिठरपाक. गुण घटकांतून येतात की एकत्र येण्यातून, या प्रश्नाशी आपल्याकडे माणसं शतकानुशतकं झुंजत होती.

आजचं उत्तर या दोन्हींहून निराळं आहे. मातीत लोहाची संयुगं असतात. आव्यात हवा खेळती असली तर लोहाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन लाल ऑक्साइड बनतं, आणि मडकं लाल होतं. लोहाचा अणू स्वतः लाल नसतो आणि ऑक्सिजनचाही नसतो. रंग येतो तो त्यांच्या जुळणीतून. त्याच मातीचं मडकं हवा कोंडून भाजलं तर लोहाला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, धुरातला कार्बनही मातीत मुरतो, आणि मडकं काळंच बाहेर येतं.