मंत्रचळ : मेंदूच्या प्रतिमा काय सांगतात ?

हात स्वच्छ असूनही ते पुनःपुन्हा धुणे, दाराला कुलूप लावले आहे हे ठाऊक असूनही अनेकदा परत येऊन ते ओढून पाहणे, अक्षर मनासारखे उमटेपर्यंत वहीचे पान फाटेस्तोवर खोडणे, अशा वागण्याची समाजात थट्टा होते किंवा ‘सोवळ्याचे वेड’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले जाते. वैद्यकशास्त्र मात्र त्यास एक निश्चित विकार मानते. मराठीत त्यास मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘ओसीडी’ या नावाने येतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजार प्रौढांमागे सुमारे ८ जणांना हा विकार असल्याचे आढळले.

या विकारात एक नकोसा विचार मनात शिरतो, त्याने अस्वस्थता वाढते आणि ती शमविण्यासाठी ठराविक कृती करावी लागते. दिलासा क्षणभरच टिकतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. आपली कृती निरर्थक आहे हे बहुतेक रुग्णांना कळत असते. कळत असूनही थांबता का येत नाही, या प्रश्नाचा शोध शास्त्रज्ञांनी मेंदूच्या प्रतिमांच्या साहाय्याने घेतला.

कार्यरत मेंदूचे दर्शन

‘पेट’ या तपासणीत किरणोत्सर्गी खूण असलेला, साखरेसारखा पदार्थ शिरेतून दिला जातो. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, तो हा पदार्थ अधिक खेचून घेतो. १९८७ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. लुईस बॅक्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने रुग्णांची पाहणी केली. डोळ्यांच्या खोबणींवर असलेला ललाटखंडाचा भाग आणि मेंदूच्या गाभ्यातील ‘कॉडेट’ हे केंद्रक रुग्णांमध्ये प्रमाणाबाहेर कार्यरत असल्याचे त्यांना दिसले. ललाटखंड, गाभ्यातील केंद्रके आणि थॅलॅमस यांच्यामध्ये संदेशांचे एक मंडल चालू असते. काम पूर्ण झाले की संबंधित संदेश शांत व्हावयास हवा. मंत्रचळात तो शांत होत नाही, असे स्पष्टीकरण यावरून पुढे आले.

पुढे रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचे कार्य टिपणारी एमआरआय पद्धत आली आणि रुग्ण एखादे बौद्धिक काम करीत असतानाच निरीक्षण करणे शक्य झाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, चूक झाल्याचा इशारा देणारा मेंदूचा भाग रुग्णांमध्ये अतिरेकी सक्रिय आढळला. २००८ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी, नियम बदलताच उत्तर बदलावे लागेल अशी कसोटी घेतली. एरवी अतिकार्यरत दिसणारा खोबणीवरील भाग या वेळी अपेक्षेपेक्षा कमी सक्रिय झाला. विशेष म्हणजे रुग्णांच्या निरोगी नातेवाइकांतही हेच दिसले. यावरून या दोषाची प्रवणता कुटुंबात उतरत असावी, असे मानण्यास आधार मिळतो.

उपचाराने मेंदू बदलतो

सर्वांत आशादायक निष्कर्ष १९९२ चा आहे. बॅक्स्टर यांच्या गटाने नऊ रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे औषध दिले, तर अन्य नऊ रुग्णांवर केवळ वर्तनोपचार केला. या उपचारात भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जावयाचे आणि नेहमीची कृती मात्र करावयाची नाही, असा सराव असतो. दोन्ही गटांतील ज्या रुग्णांना गुण आला, त्यांच्या उजव्या कॉडेट केंद्रकाची अतिरिक्त क्रिया उतरली होती. औषधाविना, योग्य मार्गदर्शनाखालील सरावानेही मेंदूच्या कार्यात बदल घडतो, हे येथे दिसून आले.

प्रतिमेची मर्यादा

तथापि, हे निष्कर्ष रुग्णांच्या गटांची तुलना करून मिळालेले आहेत. एका व्यक्तीची प्रतिमा पाहून मंत्रचळ आहे की नाही, हे आजही सांगता येत नाही. निदान होते ते मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी केलेल्या सविस्तर बोलण्यातून. अन्य आजाराची शंका असल्यास डॉक्टर एमआरआय सुचवितात. केवळ मंत्रचळाच्या निदानासाठी कर्ज काढून महागडी तपासणी करण्याचे कारण नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

हा विकार पुष्कळदा बालपणी किंवा किशोरवयात सुरू होतो आणि उपचार मिळेपर्यंत कित्येक वर्षे वाया जातात. सतत खोडणारा, एकच प्रश्न वारंवार विचारणारा किंवा हात धुण्यात तास घालविणारा विद्यार्थी दिसल्यास शिक्षकांनी त्यास शिक्षा न करता पालकांशी बोलावे. अशा कुटुंबाला देवऋषीकडे न पाठविता जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची वाट दाखविणे, हे पंचायत सदस्यांना सहज करता येईल. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेत १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्लाही मिळतो. घरच्यांनी रुग्णाला ‘मन घट्ट कर’ असे बजावून भागत नाही, कारण दोष त्याच्या स्वभावाचा नाही. तो मेंदूच्या कार्यातील आहे, आणि उपचाराने तो आटोक्यात येऊ शकतो.